शेवंताबाईची गव्हाण

दर नाताळाला गव्हाण येते ती कडूंच्या कोठ्यातून.
बाभळीची, दोघांनी मिळून उचलावी अशी,
आणि तिची कड
म्हशींच्या जिभांनी घासून घासून
इतकी गुळगुळीत, की रंधा लाजावा.
आम्ही ती धुतो. फिनाईलनं. वास जाईपर्यंत.
मग सोनेरी कागद, मग कापूस
(कापसाला इथं काय तोटा),
आणि परतवाड्याच्या बाजारातलं रबरी बाळ,
ज्याचा एक कान मागच्या पावसाळ्यात उंदरानं नेला.

यंदा सांजेला गेले तर शेवंताबाई दारातच.
"सलोमी, यंदा नाही जमत बाप्पा.
म्हैस याली ना आत्ताच. तिनं कोठी खावं?"
हात कोपरापर्यंत ओले तिचे.
मी म्हटलं, राहू द्या.
वाटेनं मात्र मनातल्या मनात भांडत आले,
एक रात्र. एका रात्रीपुरती तर मागत होते.
आणि ठेच लागावी तसं आठवलं
की हेच वाक्य आधीही कुणीतरी
कुणाच्या तरी दारात म्हटलं असणार,
दिवस भरलेल्या बायकोला एका हातानं सावरत.

टिनाखाली सहा घरांची माणसं. मफलर, कानटोप्या,
सापनेवरून येणारा गारठा.
बाहेर कडुनिंबाला कामट्यांचा तारा,
लाइट गेल्यावर नुसताच कागद.
समोर, जिथे गव्हाण असते, तिथे
मी कुटार पसरलं, त्यावर बाळ ठेवलं.
उघड्या फरशीवर. बरं नाही दिसलं.

शांतवनबाबा, माझे सासरे,
चाळीस वर्षं इथली घंटा त्यांच्या हातात.
आता डोळ्यांवर पडदा, नावं निसटतात,
मला कधी मार्था म्हणतात, कधी नुसतं बाई.
ते गुडघ्यांवर बसले, कडेसाठी हात पुढे केला.
कड नव्हती.
हात हवेत फिरला, खाली आला,
मूठभर कुटार उचलून त्यांनी हुंगलं.
"गव्हाण कोठी हाय?"
"म्हैस याली, बाबा. ती खाते आहे तिच्यात."
वाटलं, चिडतील.
ते हसले, बिनदातांच्या अख्ख्या तोंडानं.
"मंग बराबर हाय.
इतके वर्स आपन थे धुवून आनत होतो.
जिच्यात कोनी तोंड घालत नाही
थे गव्हाण नोय माय, पेटी होय."

एवढंच. मग पुन्हा विसरले,
आणि आम्ही जन्माचं गीत धरलं तेव्हा
ते एकटेच पुनरुत्थानाचं म्हणू लागले, डिसेंबरात.
कुणी थांबवलं नाही.

पहाटे निरोप आला, चीक घेऊन जा.
कोठ्यात धूर, शेणाची ऊब.
म्हैस गव्हाणीत मान खुपसून ढेप खात होती,
पोटाशी पारडू,
स्वतःच्या पायांवर अजून विश्वास नसलेलं.
मी तांब्या धरून उभी राहिले.
इतके नाताळ झाले, मला वाटायचं
जागा नव्हती म्हणून त्याला तिथे निजवलं. नाइलाज.
आपल्याला दया यावी, अशी गरिबी.
पण जमीन होती. आईची मांडी होती.
भुकेलं तोंड न सांगता जिथे वळतं
नेमकं तिथे कुणी आपलं लेकरू ठेवतं?

ठेवलं.

नऊला पास्टर आले, फटफटीवर, कानांना रुमाल बांधून.
प्रभुभोजनाचा पाव मोडला.
माझ्या पदराला कुटाराची काडी अडकली होती,
मी ती काढली नाही.
रांगेत माझ्यापुढे बाबा.
त्यांनी तुकडा तोंडात घातला,
चघळत राहिले सावकाश, रवंथ केल्यासारखे,
आणि हनुवटीवर सांडलेला चुरा
बोटानं टिपून
तोही खाल्ला.